ग्रंथपालाची निवड आणि दैनंदिनाची कविता : आफ्रिकन-अमेरिकन कुमारसाहित्याच्या संदर्भात एक आकलन

प्रास्ताविक

ग्रंथपालाचा साहित्याशी असलेला संबंध हा साधारणतः सेवेचा संबंध मानला जातो. लेखक लिहितो, समीक्षक मूल्यमापन करतो, प्राध्यापक शिकवतो आणि ग्रंथपाल पुस्तकांची देवघेव करतो, अशी श्रमविभागणी आपण गृहीत धरलेली असते. या विभागणीमुळे ग्रंथपाल साहित्यव्यवहाराच्या कडेला उभा राहतो. वाङ्मयेतिहासात त्याच्या वाट्याला प्रकरण येत नाही. फार तर एखाद्या ग्रंथाच्या ऋणनिर्देशात एक ओळ येते. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दोन सूत्रे या समजुतीला छेद देतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, असा या दोन सूत्रांचा आशय आहे. ग्रंथ आणि वाचक यांची अशी जुळणी करायची तर दोहोंची पारख असावी लागते आणि पारख हे समीक्षेचेच दुसरे नाव आहे.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने विसाव्या शतकातील चार आफ्रिकन-अमेरिकन ग्रंथपालांच्या कार्याचा विचार केला आहे. ऑगस्टा बेकर, अ‍ॅन स्पेन्सर, डडली रँडल आणि ऑड्रे लॉर्ड हे ते चौघे होत. यांतील तिघे कवी होते. कुमारवयीन वाचकांसाठीच्या साहित्यात बहुविधता असावी, ही मागणी आज जगभर परिचित झाली आहे. तथापि ही मागणी केवळ ‘कोणाविषयी लिहिले’ एवढ्यापुरती मर्यादित राहिली, तर ती अपुरी ठरते. वंचित समाजातील मुलाला साहित्यात आपले दुःख सापडणे जितके आवश्यक आहे, तितकेच आपले साधे, रोजचे जगणे सापडणेही आवश्यक आहे. दैनंदिनाच्या या अधिकाराची जाणीव विद्यापीठीय समीक्षेच्या कितीतरी आधी ग्रंथपालांच्या कामातून व्यक्त झाली, हे येथे दाखवायचे आहे.

निवड : समीक्षेचे पहिले रूप

ऑगस्टा बेकर (१९११–१९९८) या १९३७ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेम येथील १३५व्या रस्त्यावरील शाखेत बालविभागाच्या ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या. शाखेत येणारी मुले प्रामुख्याने कृष्णवर्णीय होती. त्यांच्यासाठी कपाटात असलेल्या पुस्तकांत मात्र कृष्णवर्णीय माणूस एक तर नव्हता, किंवा असलाच तर विनोदाचा विषय, आज्ञाधारक नोकर, तोडकीमोडकी भाषा बोलणारे पात्र अशा रूपात होता. बेकर यांनी या पुस्तकांची छाननी सुरू केली आणि कृष्णवर्णीय मुलांना अभिमानाने देता येतील अशा पुस्तकांचा स्वतंत्र संग्रह उभारला. त्यातून पुढे ग्रंथसूची सिद्ध झाली. या सूचीचे निकष लक्षणीय आहेत. पात्रांच्या तोंडी कोणती भाषा घातली आहे, आशयाचा रोख कोणता आहे आणि चित्रांत माणसाचे चित्रण होते की व्यंगचित्रण, हे तीन प्रश्न त्या प्रत्येक पुस्तकाला विचारीत. पात्रभाषा, आशय आणि प्रतिमा या संकल्पनांच्या आधारे साहित्यकृती तपासणे म्हणजे समीक्षाच होय. फरक एवढाच की या समीक्षेचा निष्कर्ष निबंधात नमूद होत नसे. तो कपाटात दिसत असे.

या निवडीचे महत्त्व आकडेवारीवरून ध्यानात येते. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतील ५,२०६ बालपुस्तकांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्के पुस्तकांत, एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती आढळली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालग्रंथ केंद्राने १९८५ मध्ये अशी मोजदाद सुरू केली, तेव्हा त्या वर्षीच्या सुमारे २,५०० पुस्तकांपैकी फक्त १८ पुस्तके कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती. याच केंद्राकडे २०१३ मध्ये आलेल्या सुमारे ३,२०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीयांविषयीची पुस्तके ९३ होती. येथे एक बाब नोंदवली पाहिजे. ही मोजणी ज्या केंद्राने दीर्घकाळ केली, ते मुळात ग्रंथालय आहे. वाङ्मयीन विषमता मोजता येते, ही कल्पनाच पुस्तके दररोज हाताळणाऱ्या व्यवसायातून आली.

मोजणीला अर्थातच मर्यादा आहेत. संख्या अनुपस्थिती दाखवते. उपस्थितीची गुणवत्ता दाखवीत नाही. एखाद्या वर्षी कृष्णवर्णीयांविषयीच्या पुस्तकांची संख्या दुप्पट झाली, पण त्या सर्व पुस्तकांत गुलामगिरी, दारिद्र्य आणि हिंसाचार एवढेच असले, तर त्या समाजातील कुमारवयीन वाचकाला स्वतःचे कोणते रूप दिसेल? बेकर यांचे निकष या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहतात. आकडेवारी ते देऊ शकत नाही.

बियाण्यांच्या सूचीवरील कविता

अ‍ॅन स्पेन्सर (१८८२–१९७५) यांचे जीवन व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग या गावात गेले. त्या गावचे जोन्स स्मारक ग्रंथालय केवळ गौरवर्णीयांसाठी खुले होते. स्पेन्सर यांनी १९२०च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांच्या डनबार हायस्कूलमध्ये ग्रंथपालपद स्वीकारले आणि सुमारे वीस वर्षे ते सांभाळले. शाळेचा संग्रह तुटपुंजा होता; तो त्यांनी स्वतःच्या घरातील पुस्तके आणून वाढवला. ज्या मुलांना गावातल्या मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्यासाठी एका कवयित्रीचे खासगी कपाट सार्वजनिक झाले.

स्पेन्सर यांची पहिली कविता वयाच्या अडतिसाव्या वर्षी, १९२० मध्ये ‘द क्रायसिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हयातीत त्यांच्या मोजक्याच कविता छापल्या गेल्या. कवितासंग्रह एकही निघाला नाही. बागकाम हा त्यांचा नित्याचा उद्योग होता. बियाण्यांच्या सूचीपुस्तिकेच्या समासात, पाकिटांच्या पाठीवर, हाताशी येईल त्या कागदाच्या तुकड्यावर त्या ओळी टिपून ठेवीत. नागरी हक्कांच्या लढ्यात त्या सक्रिय होत्या. लिंचबर्गमध्ये कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेची शाखा स्थापन करण्यात त्यांचा वाटा होता. वर्णद्वेषी हिंसेवर त्यांनी कविता लिहिली नाही, असेही नाही. पण त्यांच्या बहुतेक कविता बाग, ऋतू, मैत्री, प्रेम आणि मृत्यू यांच्या आहेत.

हा विरोधाभास समीक्षेला दीर्घकाळ अडचणीचा वाटत आला आहे. आंदोलनात एक बाई आणि कवितेत दुसरी बाई, असे त्याचे स्पष्टीकरण सहज देता येते. परंतु ते वरवरचे आहे. ज्या व्यवस्थेने कृष्णवर्णीय स्त्रीला केवळ राबणारे शरीर मानले, त्या व्यवस्थेत स्वतःच्या अंगणातील फुलाकडे सावकाश पाहण्याची उसंत घेणे आणि त्या पाहण्याला भाषेचे रूप देणे, हीच एक ठाम भूमिका होती. आपले विषय कोणते असावेत हे अन्यायाने ठरवू नये, एवढाच त्या भूमिकेचा अर्थ. घरातून पुस्तके नेऊन शाळेचे कपाट भरणारी ग्रंथपाल आणि बियाण्यांच्या सूचीवर कविता लिहिणारी कवयित्री यांच्यात म्हणूनच अंतर्गत सुसंगती आहे. दोघीही मुलांना आणि स्वतःला व्यवस्थेने नेमून दिलेल्या वर्तुळाबाहेरचे जग मिळवून देत होत्या.

एका पानाची कविता

डडली रँडल (१९१४–२०००) यांनी तरुणपणी फोर्ड कंपनीच्या ओतकामशाळेत आणि नंतर टपाल खात्यात काम केले. १९५१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर आयुष्यभर ते ग्रंथपाल राहिले. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथील चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी घडवलेल्या बॉम्बस्फोटात चार मुली ठार झाल्या. त्यांपैकी तिघी १४ वर्षांच्या, तर एक ११ वर्षांची होती. या घटनेवर रँडल यांनी ‘बॅलड ऑफ बर्मिंगहॅम’ ही कविता लिहिली. एका गायकाने तिला चाल लावली, तेव्हा कवितेचे हक्क सुरक्षित राहावेत म्हणून रँडल यांनी ती १९६५ मध्ये एका सुट्या पानावर छापून प्रसिद्ध केली. ग्रंथपालाच्या पगारातून सुरू झालेल्या या उपक्रमातून ‘ब्रॉडसाइड प्रेस’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली.

या कवितेची रचना पाहण्यासारखी आहे. मुलगी मोर्च्याला जाऊ देण्याचा हट्ट धरते. आई नकार देते आणि तिला सुरक्षित म्हणून चर्चमध्ये पाठवते. पाठवण्यापूर्वी आई तिचे केस विंचरते, तिच्या हातांत पांढरे हातमोजे आणि पायांत पांढरे बूट घालते. शेवटी अवशेषांत तिच्या हाती लागतो तो बूटच. कवितेत राजकीय घोषणा नाही. लोकगीताच्या सरळ चालीत एका घरातील रविवारची सकाळ आहे. त्या सकाळीचा साधेपणा जितका खरा वाटतो, तितका तिचा विध्वंस असह्य होतो. शोकात्म परिणामाचा पाया येथे दैनंदिन तपशील आहे. वेणीफणी आणि बूट यांच्याशिवाय या कवितेत निषेध उरला असता. पण मुलगी उरली नसती.

सुटे पान हे माध्यमही अर्थपूर्ण आहे. ग्रंथ विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूस एक पान घेऊ शकतो, भिंतीला लावू शकतो, खिशात ठेवू शकतो. पुढे या संस्थेने ग्वेन्डोलिन ब्रुक्स, सोनिया सँचेझ, निक्की जिओव्हानी यांच्यासह अनेक कवींचे साहित्य प्रसिद्ध केले. कवितेला तिचा वाचक मिळावा यासाठी तिचा आकार आणि किंमतही बदलावी लागते, हे रँडल यांनी ग्रंथालयाच्या टेबलामागे बसून ओळखले असणार, असे म्हणण्यास जागा आहे.

कविता ही चैन नव्हे

ऑड्रे लॉर्ड (१९३४–१९९२) यांच्या बाबतीत या परंपरेचा धागा प्रत्यक्ष दिसतो. ‘झामी’ (१९८२) या आत्मपर ग्रंथात त्यांनी बालपणीचा एक प्रसंग सांगितला आहे. १३५व्या रस्त्यावरील ग्रंथालयात आकांत मांडून बसलेल्या लहानग्या ऑड्रेला तेथील ग्रंथपाल बाईंनी जवळ बसवून गोष्टी वाचून दाखवल्या आणि त्या क्षणी आपल्याला वाचायला शिकायचे आहे, हे तिला उमगले. त्या ग्रंथपाल बाई म्हणजेच ऑगस्टा बेकर. लॉर्ड यांनी स्वतः या ग्रंथात स्मृती आणि मिथक यांचे मिश्रण असल्याचे म्हटले आहे, हे लक्षात घेऊनही प्रसंगाचे मोल कमी होत नाही.

लॉर्ड यांनी १९६१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि माउंट व्हर्नन येथील सार्वजनिक ग्रंथालयात कुमारवयीन वाचकांच्या ग्रंथपाल म्हणून काम केले. नंतर १९६८ पर्यंत त्या न्यूयॉर्कमधील एका शाळेत मुख्य ग्रंथपाल होत्या. त्याच वर्षी त्यांचा पहिला कवितासंग्रह आला. १९७७ मधील ‘पोएट्री इज नॉट अ लक्झरी’ या निबंधात त्यांनी कवितेकडे जगण्याची गरज म्हणून पाहिले. अजून नाव न मिळालेल्या भावनेला कविता नाव देते आणि मगच तिच्याविषयी विचार शक्य होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पुढे दुसऱ्या एका निबंधात त्यांनी या विचाराला आर्थिक परिमाण दिले. कादंबरीला निवांत वेळ, स्वतंत्र खोली आणि भरपूर कागद लागतो. कविता मात्र दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, रेल्वेच्या डब्यात, उरलेल्या कागदावरही लिहिता येते. म्हणून ती श्रमिकांची, विशेषतः श्रमिक स्त्रियांची वाङ्मयप्रकार म्हणून केलेली निवड ठरते.

हे विवेचन वाचताना स्पेन्सर यांच्या बियाण्यांच्या सूचीची आणि रँडल यांच्या सुट्या पानाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तिघांच्याही बाबतीत दैनंदिनता हा कवितेचा विषय तर आहेच, शिवाय ती कवितेची उत्पादनपरिस्थितीही आहे. नोकरी सांभाळून, कामाच्या वेळांच्या फटींतून लिहिलेली ही कविता आहे.

पद्यकादंबरी आणि आजचा कुमारवाचक

एकविसाव्या शतकातील अमेरिकन कुमारसाहित्यात पद्यात लिहिलेल्या कथनाला जे स्थान मिळाले, ते या पार्श्वभूमीवर समजून घेता येते. जॅकलिन वुडसन यांचे ‘ब्राउन गर्ल ड्रीमिंग’ (२०१४) हे पद्यातील आत्मकथन. नागरी हक्कांची चळवळ त्यात आहे, परंतु ती मुलीच्या कानावर पडणाऱ्या मोठ्यांच्या बोलण्यासारखी कडेकडेने येते. मध्यभागी आजोबांची बाग, केसांना लावायच्या फिती आणि बहीणभावंडे आहेत. यातच ग्रंथालयाचा एक प्रसंग आहे. वाचनात मागे असलेली मुलगी वयापेक्षा लहान मुलांचे चित्रपुस्तक उचलते आणि त्यात तिला स्वतःसारखी सावळी माणसे दिसतात. ते पुस्तक म्हणजे जॉन स्टेप्टो यांचे ‘स्टीव्ही’ (१९६९). वयानुरूप पुस्तक घे, असे कोणी दटावले असते तर ही भेट झाली नसती, अशी जाणीव त्या कवितेत आहे. चांगला ग्रंथपाल केव्हा पुस्तक पुढे करतो आणि केव्हा मुकाट बाजूला राहतो, याचे इतके नेमके भान शास्त्रीय विवेचनातही क्वचित आढळते.

क्वामे अलेक्झांडर यांच्या ‘द क्रॉसओव्हर’ (२०१४) मध्ये बास्केटबॉल खेळणारे जुळे भाऊ आणि त्यांचे आजारी वडील आहेत. कृष्णवर्णीय कुटुंबातील प्रेम आणि वियोग हा येथे पुरेसा विषय मानला आहे. एलिझाबेथ अ‍ॅसेवेडो यांच्या ‘द पोएट एक्स’ (२०१८) मधील हार्लेमची डॉमिनिकन वंशाची मुलगी वहीत कविता लिहिते. धर्मनिष्ठ आई ती वही जाळते. लॉर्ड यांनी सांगितलेली ‘नाव न मिळालेल्या भावनेला नाव देण्याची’ प्रक्रिया येथे कथानकाचे रूप घेते. वही जळते तेव्हा मुलीचे आत्मभानच पणाला लागते. शेवटी धर्मगुरूच्या मध्यस्थीने होणारा समेट मात्र काहीसा घाईचा वाटतो. आईच्या भीतीची पाळेमुळे त्यातून पुरेशी उलगडत नाहीत.

या वाङ्मयप्रकारावर एक आक्षेप घेतला जातो. गद्याच्या ओळी तोडून पद्य होत नाही, हा तो आक्षेप सर्वस्वी अनाठायी नाही. वरील कृतींतही काही पाने केवळ ओळ मोडल्यामुळे कविता दिसतात. तथापि वाचनात अडखळणाऱ्या मुलाला पानावरील रिकामी जागा श्वास घेऊ देते, ही बाबही तितकीच खरी आहे. येथे वाङ्मयीन मूल्य आणि वाचकाची निकड यांत ताण निर्माण होतो. तो ताण नाकारण्यात अर्थ नाही. पुस्तक पुढे करताना ग्रंथपालाला तो रोज सोसावा लागतो.

आरसा, खिडकी आणि दार

रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलेली आरसा, खिडकी आणि सरकते काचेचे दार ही रूपके या क्षेत्रात सर्वमान्य झाली आहेत. पुस्तकात वाचकाला स्वतःचे प्रतिबिंब दिसावे, इतरांचे जग दिसावे आणि कल्पनेने त्या जगात प्रवेशही करता यावा, असा त्यांचा आशय. प्रचलित चर्चेत मात्र आरशाचाच बोलबाला झाला आणि दार विस्मृतीत गेले. केवळ आरशाचा आग्रह धरला तर कृष्णवर्णीय मुलाला कृष्णवर्णीयांचे पुस्तक, स्थलांतरिताच्या मुलीला स्थलांतरितांचे पुस्तक, अशी कपाटांची नवी विभागणी होते. डनबार हायस्कूलच्या मुलांना स्पेन्सर यांनी दिला तो निव्वळ आरसा नव्हता. बंद असलेल्या ग्रंथालयाला पर्यायी असे ते दार होते.

हे दार आज पुन्हा वादग्रस्त झाले आहे. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप घेतले गेले. टेक्सासमधील लॅनो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून १७ पुस्तके हटवण्यात आली. त्यांत इसाबेल विल्करसन यांचा ‘कास्ट’ (२०२०) हा ग्रंथही होता. अमेरिकन वर्णव्यवस्थेचा भारतीय जातिव्यवस्थेच्या प्रकाशात विचार करणारा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा उल्लेख करणारा हा ग्रंथ आहे. वाचकांनी दाद मागितली, तेव्हा पुस्तके हटवण्याला माहिती मिळवण्याच्या अधिकाराच्या आधारे आव्हान देता येणार नाही, असा निकाल पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने मे २०२५ मध्ये बहुमताने दिला. निवड कोणाची आणि कोणाच्या वतीने, हा बेकर यांच्या काळातील प्रश्न अशा प्रकारे न्यायालयीन प्रश्न बनला आहे. पुस्तक निवडणे आणि पुस्तक हटवणे या दोन्ही कृती मर्यादित कपाटाशी निगडित असल्या तरी समान नाहीत. निवडणाऱ्याने पुस्तक वाचलेले असते आणि त्याच्यासमोर विशिष्ट वाचक असतो. हटवण्याच्या मागणीला या दोहोंची आवश्यकता भासतेच असे नाही.

मराठी अभ्यासकांसाठी

आफ्रिकन-अमेरिकन साहित्य आणि दलित साहित्य यांचा अनुबंध मराठी समीक्षेला नवा नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठी वाचकाला ओळख करून दिली. या तौलनिक विचारात विद्रोह, नकार आणि वेदना या संकल्पनांवर स्वाभाविकपणे भर राहिला. दैनंदिनतेच्या अंगाने असा अभ्यास केल्यास नवे काही हाती लागण्याची शक्यता आहे. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांतील चूल, पाणवठा, शाळेची वाट हे तपशील केवळ दुःखाचे पुरावे म्हणून वाचायचे, की एका जगण्याची कविता म्हणूनही वाचायचे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

दुसरा मुद्दा व्यावहारिक आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. १९७१ पासून ‘किशोर’ मासिक कुमारवाचकांसाठी निघत आहे. कायदा आणि नियतकालिक असले, तरी एखाद्या विशिष्ट मुलाच्या हाती विशिष्ट पुस्तक पडते ते निवडीमुळे. महाविद्यालयातील ग्रंथालय समितीत ही निवड अध्यापकांच्या संमतीने होते. वितरकाची यादी आणि शिल्लक अनुदान यांचा मेळ घालणे एवढेच तिचे स्वरूप राहिले, तर ते कार्यालयीन काम ठरते. खेड्यातून, तांड्यावरून, कामगार वस्तीतून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला या कपाटात आपले रोजचे जगणे भेटेल काय, हा प्रश्न त्या बैठकीत विचारला गेला, तर तेच काम समीक्षा होते.

समारोप

बेकर यांची सूची, स्पेन्सर यांचे घरातून शाळेत गेलेले कपाट, रँडल यांचे सुटे पान आणि लॉर्ड यांचा कवितेच्या निकडीचा विचार, या चार गोष्टी एकत्र पाहिल्यास साहित्यातील बहुविधतेची अधिक सखोल कसोटी हाती येते. कोणाचा समावेश झाला, ही तिची पहिली पायरी. समाविष्ट झालेल्या माणसाला केस विंचरण्याचा, बागेत रमण्याचा, खेळण्याचा आणि वहीत काही लिहिण्याचा अवकाश मिळाला का, ही दुसरी. पहिल्या पायरीची मोजदाद करता येते. दुसरीसाठी पुस्तक वाचावे लागते आणि वाचकाला ओळखावे लागते. ही दोन्ही कामे एकाच टेबलावर बसून करणाऱ्या ग्रंथपालाला वाङ्मयसमीक्षेच्या इतिहासात स्थान देणे हे सौजन्य नसून वस्तुस्थितीची नोंद आहे.